खासगी यॉटवरून शहरदर्शन: पहिल्यांदाच जाणाऱ्या गटासाठी

रस्त्याने हिंडताना आपण शहराच्या पोटात असतो. समोरची इमारत मागच्या इमारतीला झाकते, पुलावर उभे राहिले की पूल दिसत नाही, आणि टेकडी, बंदर, जुनी वस्ती यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. बंदराच्या किंवा मोठ्या नदीच्या काठी वाढलेली जुनी शहरे मात्र पाण्यावरून येणाऱ्या माणसाला सामोरी जाण्यासाठीच बांधली गेली. त्यांचा दर्शनी चेहरा अजूनही पाण्याकडे आहे. म्हणून दहा-बारा जणांच्या गटाने काही तासांसाठी खासगी यॉट घेऊन शहर पाहणे ही नुसती चैन नाही, शहर समजून घेण्याची ती एक चांगली रीत आहे. अडचण अशी की पहिल्यांदा जाणारे बहुतेक गट आधी बोटीची छायाचित्रे पाहतात, त्यातली देखणी बोट ठरवतात आणि शहरातले काय, कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने दिसणार हा प्रश्न बोट सुटल्यावर विचारतात. या लेखात तो क्रम मुद्दाम उलटा केला आहे.

आधी शहर, मग वेळ

शहराचा नकाशा समोर घेऊन पाण्यावरून पाहण्याजोग्या पाच-सहा जागांवर खुणा कराव्यात; त्याहून अधिक जागा काही तासांत नीट पाहून होत नाहीत. प्रत्येक जागेपुढे ती पाण्यावरून पाहताना आपले तोंड कोणत्या दिशेला असेल हे लिहावे. साधा नियम असा की सूर्य आपल्या पाठीशी असला तर इमारतींवर प्रकाश पडतो आणि तपशील दिसतात. सूर्य इमारतींच्या मागे असला तर फक्त काळ्या आकृत्या उरतात. हाँगकाँगमध्ये बेटावरच्या उंच इमारती बंदराच्या दक्षिण तीरावर आहेत, म्हणजे त्या पाहताना तोंड दक्षिणेला होते आणि हिवाळ्यात भर दुपारी सूर्य नेमका समोर येतो. तेथे दिवे लागण्याची वेळ अधिक चांगली. सिडनीत हार्बर ब्रिज ऑपेरा हाउसच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी पूर्वेच्या पाण्यातून पाहिले तर दोन्ही वास्तू तांबूस आकाशावर छायाकृतींसारख्या उमटतात, आणि सकाळी त्याच जागेवरून त्यांच्यावर थेट ऊन असते. दोन्ही दृश्ये सुंदर आहेत, पण ती वेगळी आहेत आणि आपल्याला त्यांतले कोणते हवे हे आधीच ठरवायला हवे.

ज्यांना काहीच ठरवता येत नसेल त्यांनी सूर्यास्ताच्या सुमारे दीड तास आधी निघून सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास पाण्यावर राहावे. एकाच फेरीत कलते ऊन, मावळतीचे रंग, आकाश गडद निळे असतानाच शहरात लागू लागलेले दिवे आणि शेवटी रात्र, असे चारही प्रकार मिळतात. सूर्यास्ताची वेळ महिन्यागणिक सरकते, म्हणून मित्राने मागच्या वर्षी कधीतरी घेतलेली वेळ तशीच उचलू नये. आपल्या तारखेची वेळ काढावी आणि तिच्याभोवती फेरी आखावी.

त्यानंतर हिशेब करावा, कारण तीन तासांची फेरी म्हणजे तीन तासांचे दर्शन नव्हे. १८० मिनिटांपैकी चढणे, सामान लावणे आणि सुरक्षेच्या सूचना यांत २० मिनिटे जातात. बंदराच्या किंवा मरिनाच्या (खासगी बोटी लावण्याच्या धक्क्यांच्या) आत वेगमर्यादा असल्यामुळे बाहेर पडायला साधारण २० आणि परतताना तितकीच मिनिटे धरावीत. मध्ये अर्धा तास नांगर टाकून थांबायचे असेल तर प्रत्यक्ष फिरण्यासाठी ९० मिनिटे उरतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, सात नॉटच्या आरामशीर वेगाने बोट ताशी सुमारे १३ किलोमीटर जाते, म्हणजे दीड तासात १९ ते २० किलोमीटर. परत यायचेच असल्याने आपली पोहोच दहा किलोमीटरच्या आतच राहते. नकाशावर केलेल्या खुणा या अंतरात बसत नसतील तर खुणा कमी कराव्यात किंवा वेळ वाढवावा. ‘बोट जोरात नेऊ’ हा तोडगा स्वीकारू नये.

कोणती बोट

‘यॉट’ हा शब्द डच भाषेतल्या ‘शिकार’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पाठलाग करण्याजोग्या चपळ बोटींना ते नाव पडले. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला ‘मेरी’ नावाची अशी बोट भेट दिली आणि तिच्यापासून इंग्लंडमध्ये हौसेच्या नौकाविहाराची आवड रुजली. नावात वेग असला तरी शहरदर्शनाला वेगाचा फारसा उपयोग नाही: पंधरा-वीस नॉटच्या वेगात वारा कानात भरतो, तुषार उडतात, बोलणे ऐकू येत नाही आणि इमारत ओळखेपर्यंत ती मागे जाते.

सामान्यतः तीन प्रकार समोर येतात. मोटार यॉटला वर उघडा मजला असला तर शहर पाहण्यासाठी ती सर्वांत सोयीची, कारण तेथून चारी बाजूंना नजर जाते. मात्र तो मजला जितका उंच तितके तेथे डोलणे अधिक जाणवते. कॅटमरान म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन सांगाड्यांवर उभी असलेली रुंद बोट. ती एका बाजूला फारशी कलत नाही आणि डेक प्रशस्त असल्याने ज्येष्ठ माणसे व लहान मुले असलेल्या गटाला मानवते. शिडाची यॉट वाऱ्यावर चालू लागली की तिची शांतता और असते, पण ती कलते, शीड अर्धे दृश्य अडवते आणि उंच डोलकाठीमुळे अनेक पुलांखालून तिला जाता येत नाही. शिडाच्या बोटीची हौस असेल तर ती वेगळ्या दिवशी भागवावी, असे माझे मत आहे.

माणसांच्या संख्येबाबत दोन आकडे वेगळे ठेवावेत. एक परवान्यावरचा आकडा आणि दुसरा आरामात मावणाऱ्यांचा. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १२ हून अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याला कडक नियम लागतात; पुष्कळ खासगी यॉट पाहुण्यांची संख्या बारावरच थांबवतात त्यामागे हे कारण असते. तेरावा माणूस ‘सांभाळून घेऊ’ असे कोणी म्हणाले तर ती बोट सोडून द्यावी. तान्हे बाळ मोजणीत धरले जाते का, आणि कप्तान व खलाशी त्या आकड्यात आहेत की बाहेर, हे स्पष्ट विचारावे. आरामाचा आकडा बहुधा परवान्याच्या आकड्याच्या दोन-तृतीयांश असतो. त्याची खात्री करण्याचा मार्ग म्हणजे सावलीत एका वेळी किती जण बसू शकतात हे विचारणे. छायाचित्रांत गाद्या खूप दिसतात, पण त्यांतल्या निम्म्या उन्हात असतात.

पैसे देण्यापूर्वी

कप्तानासह मिळणारी बोट आणि स्वतः चालवण्यासाठी मिळणारी बोट हे दोन वेगळे करार आहेत. नवख्या गटाने पहिलाच करावा. कप्तानाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना आहे का आणि बोटीचा विमा भाड्याने घेतलेल्या फेरीतल्या प्रवाशांना लागू होतो का, हे दोन कागद पाहायला मागणे उद्धटपणाचे नाही. हौसेपुरती बोट चालवण्याचा परवाना आणि व्यावसायिक परवाना यांत फरक असतो, आणि अपघात झाल्यावर विमा नेमका त्या फरकावर अडतो.

दराबाबत फसगत सहसा खोटेपणातून होत नाही, न विचारलेल्या गोष्टींतून होते. तासाच्या दरात इंधन, कप्तान व खलाशांचे मानधन, बंदराचे शुल्क, साफसफाई आणि कर हे सगळे धरलेले आहे का? वेळ धक्क्यावर पाऊल ठेवल्यापासून मोजतात की दोर सुटल्यापासून? उशीर झाला तर पुढचा हिशेब पंधरा मिनिटांचा की पूर्ण तासाचा? अनामत रक्कम कशासाठी कापली जाऊ शकते? स्वतःचे खाद्यपदार्थ नेता येतात का? उत्तरे तोंडी न ठेवता लेखी घ्यावीत; एका साध्या संदेशात आपणच ती मुद्देवार लिहून ‘आपले बोलणे असे झाले आहे’ म्हणून पाठवली तरी पुरते.

हवामानाचे कलम मात्र अक्षरशः वाचावे. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, आणि तो निर्णय किती तास आधी कळवला जातो, हे त्यात असावे. निर्णय कप्तानाचा असावा. गटातल्या कोणाचा वाढदिवस आहे किंवा कोणी दुरून आले आहे म्हणून कप्तानाला गळ घालणे हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट हट्ट आहे.

वारा, भरती आणि पुलाखालची जागा

हवामानाच्या अंदाजात पाऊस सगळेच पाहतात. पाण्यावर जाणाऱ्याने आधी वारा पाहावा. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापनात ७ ते १० नॉटचा वारा तिसऱ्या श्रेणीत, ११ ते १६ नॉटचा चौथ्या आणि १७ ते २१ नॉटचा पाचव्या श्रेणीत येतो. आडोशाच्या बंदरात चौथ्या श्रेणीपर्यंत नवख्यांची सहल सुखाची होते. पाचवीत लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस सर्वत्र दिसू लागतो आणि गटातले निम्मे लोक शहराऐवजी कठडा पाहू लागतात. किनाऱ्यावर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, हेही वेळ ठरवताना लक्षात घ्यावे. प्रवाह एका दिशेने आणि वारा त्याच्या विरुद्ध दिशेने असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अंदाजातला वारा मध्यम असूनही बोट आपटत का होती, याचे उत्तर बऱ्याचदा येथे असते.

भरतीचा संबंध अनेकांना फक्त किनाऱ्याशी वाटतो. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. लंडनमध्ये टेम्स नदीचे पाणी उधाणाच्या वेळी सुमारे सात मीटर चढते-उतरते. अशा ठिकाणी ओहोटीला ज्या पुलाखालून बोट सहज जाते तोच पूल भरतीला तिला अडवतो, आणि उलट ओहोटीला धक्क्याचा उतार इतका तीव्र होतो की गुडघेदुखी असलेल्या माणसाला उतरवणे कठीण होते. म्हणून कप्तानाला दोन प्रश्न विचारावेत: आपल्या वेळेला मार्गावरचे सगळे पूल पार होतील का, आणि चढता-उतरताना पाणी कुठे असेल?

गटाची तयारी

गटातून एकच माणूस कप्तानाशी बोलणारा ठरवावा. दहा जणांनी दहा सूचना दिल्या की मार्गाचा चिवडा होतो. या माणसाजवळ नावांची यादी, प्रत्येकाच्या घरचा एक संपर्क क्रमांक आणि कोणाला कोणता आजार किंवा कशाची अ‍ॅलर्जी आहे याची नोंद असावी. यादीची एक प्रत काठावर राहणाऱ्या कोणाला तरी द्यावी. मुलांची वजने आधी कळवावीत, कारण लाईफ जॅकेट वयावरून नव्हे, वजनावरून मिळते आणि मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगातून पाण्यात वर सरकून निघते. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी ते संकोच न करता सांगावे आणि बोट चालू असताना जॅकेट अंगावर ठेवावे. पोहता येणाऱ्यांनीही ते ठेवले तर नवख्यांचा संकोच आपोआप जातो.

बोट लागण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फार कमी होतो. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तुडुंब जेवूनही जाऊ नये. बोटीवर मध्यभागी, शक्यतो खालच्या उघड्या डेकवर बसावे, कारण तेथे हालचाल सर्वांत कमी असते, आणि नजर क्षितिजावर किंवा काठावरच्या स्थिर इमारतीवर ठेवावी. फोनच्या पडद्यात पाहत राहणे हे बोट लागण्याचे हमखास कारण आहे. बंद केबिनमध्ये जाऊन पडण्याची इच्छा होते, पण तेथे त्रास वाढतोच.

सामान मऊ पिशवीत न्यावे. चाकांच्या बॅगा डेकवर ओरखडे पाडतात आणि ठेवायला जागा खातात. बूट-चपला बहुधा चढतानाच काढायला सांगतात, तेव्हा काढघाल करायला सोपे असे काही घालावे. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन ढगाळ दिवशीही भाजते आणि सूर्यास्तानंतर वारा अचानक गार लागतो. टोपी आणि एक हलके जाकीट दोन्ही हवे. उधळायचे कागदाचे रंगीत तुकडे, फुगे आणि चमकी घरीच ठेवावीत. जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यावर १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि वाऱ्यावर उडालेला फुगा टाकलेल्या फुग्यापेक्षा वेगळा नसतो.

बोटीवर चढल्यावर

चढताना हात मोकळे असावेत. पिशवी आधी खलाशाच्या हाती द्यावी, मग एका हाताने आधार धरून एकेकाने पाऊल टाकावे. उडी मारू नये. कप्तान सुरक्षेच्या सूचना देतो ती पाच मिनिटे फोटो काढण्यात घालवू नयेत. जॅकेटे कुठे आहेत, अग्निशामक कुठे आहे, माणूस पाण्यात पडला तर काय करायचे, हे प्रत्येकाने ऐकावे. कोणी पडलेच तर पाहणाऱ्याने मोठ्याने ओरडून कप्तानाला सांगावे, हाताला लागेल ती तरंगणारी वस्तू फेकावी आणि पडलेल्या माणसाकडे हाताचे बोट रोखून उभे राहावे, नजर क्षणभरही हलवू नये. लाटांत एक डोके पाहता पाहता हरवते. स्वच्छतागृहाची पद्धतही याच वेळी विचारून घ्यावी, कारण बोटीच्या बारीक नळीत साधा रुमाली कागदही अडकतो आणि मग उरलेली फेरी सगळ्यांनाच जड जाते.

दोन धोके असे आहेत की ते नवख्याच्या ध्यानातही येत नाहीत. इंजिन चालू असताना बोटीच्या अगदी मागच्या पायरीवर बसणे मोहाचे असते, पण तेथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो; त्याला वास नसतो, आणि त्याने येणारी डोकेदुखी व मळमळ ‘बोट लागली’ म्हणून सोडून दिली जाते. बोटीला पुढे ढकलणारा पंखाही तेथेच पाण्याखाली फिरत असतो. दुसरा धोका म्हणजे काही दिसले की सर्वांनी एकाच कठड्याकडे धावणे. २४ जुलै १९१५ रोजी शिकागोत सहलीला निघालेले ‘ईस्टलँड’ हे जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच नदीत उलटले आणि ८४४ लोक मरण पावले. ते जहाज मुळातच वरच्या अंगाने जड होते, म्हणून त्याची आणि आजच्या यॉटची बरोबरी होत नाही. पण वरच्या मजल्यावर जमलेली माणसे म्हणजे सरकते वजन असते, आणि लहान बोटीवर दहा जण म्हणजे थोडेथोडके वजन नव्हे. कप्तान ‘वाटून बसा’ म्हणाला तर त्याचे कारण हे आहे.

पाहणे आणि दाखवणे

शहराची माहिती सांगणारा कोणी असेल तर त्याने बोट चालू असताना ओरडण्यापेक्षा दोन जागांच्या मधल्या संथ टप्प्यात, पुढे काय येणार ते आधी सांगावे. जागा समोर आल्यावर गप्प बसावे. दिशा सांगण्यासाठी घड्याळाची पद्धत उत्तम चालते. बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, बारा वाजता. उजवा हात तीनला, मागचा भाग सहाला. ‘दोन वाजता मनोरा, त्याच्या डावीकडे घुमट’ असे म्हटले की सगळ्यांच्या नजरा एकदम तेथे जातात. जाताना शहर ज्या बाजूला असते ते परतताना दुसऱ्या बाजूला येते, म्हणून जागेवरून भांडण्याचे कारण नाही. परतीचा मार्ग काठापासून थोडा वेगळ्या अंतरावरून घ्यायला कप्तानाला सांगावे. उंच इमारत पूर्ण दिसायला तिच्या उंचीच्या दोन-तीन पट अंतर हवे, आणि कोरीवकाम पाहायचे तर काठाजवळ जायला हवे. एकाच जागेची दोन दर्शने त्यातून मिळतात.

छायाचित्रे काढताना कठड्यावर कोपर टेकू नये, कारण इंजिनाचा कंप त्यातून कॅमेऱ्यात उतरतो. गुडघे किंचित वाकवून उभे राहिलेले बरे. अंधारात फोनच्या रात्रीच्या सोयीला काही सेकंद स्थिरता लागते, जी चालत्या बोटीवर नसते, म्हणून एखाद्या ठिकाणी इंजिन मंद करून दोन मिनिटे थांबण्याची विनंती आधीच करून ठेवावी. फोनला मनगटाची दोरी लावावी. ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते आणि बंदरांच्या हद्दीत ती सहसा मिळत नाही.

अंधार पडल्यावर बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो. समोरून येणाऱ्या बोटीचे लाल व हिरवे दोन्ही दिवे दिसले तर ती थेट आपल्याकडे येत आहे, हे मुलांनाही लगेच कळते आणि ती पहारेकऱ्याच्या उत्साहाने पाहू लागतात. या वेळी पुढच्या डेकवर झगमगते दिवे किंवा फोनचे टॉर्च लावू नयेत. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका झोताने ती मोडते. कप्तानाला समोरचा बिनदिव्याचा ओंडका किंवा लहान होडी मग दिसत नाही. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे टेम्सवर खासगी मेजवानीसाठी घेतलेली ‘मार्शनेस’ ही बोट एका मोठ्या गाळउपशाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली आणि ५१ जण गेले. चौकशीत दोन्ही जहाजांवर समोर नीट नजर ठेवली गेली नव्हती, असे दिसून आले. सुकाणूजवळ गप्पांचा अड्डा करू नये, कप्तानासमोरच्या काचेपुढे उभे राहू नये.

परतताना

मरिनात शिरण्यापूर्वी, बोट मंद झाली की सामान गोळा करावे, म्हणजे धक्क्याला लागल्यावर वेळ मोजला जात असताना शोधाशोध होत नाही. दोर बांधले जाईपर्यंत बसून राहावे. मदत म्हणून धक्का आणि बोट यांच्या मध्ये हात किंवा पाय घालू नये, कारण काही टन वजन हाताने थांबत नाही. उतरल्यावर काही जणांना जमीन डोलल्यासारखी वाटते, ते थोड्या वेळात जाते. गटप्रमुखाने कप्तानाबरोबर एकदा डेक आणि केबिन फिरून पाहावे, काही मोडले असल्यास तेथेच नोंदवावे, वाढलेल्या वेळेचा आणि अनामतीचा हिशेब समोरासमोर पूर्ण करावा, आणि यादी काढून धक्क्यावर सगळ्यांची नावे पुन्हा एकदा मोजावीत.